महालिंगप्पांच्या अटी

“अप्पा पट्टा वाढवून देतात,” म्हाळसाबाई जिन्याखाली चपला काढत म्हणाल्या, “पण त्यांची एक अट हाय.”

जिन्यात वाट बघत उभी असलेली सगळी बिल्डिंग एकदम पुढं सरकली. सेक्रेटरी कुमारनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. कुणीतरी पळत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

धाराशिवातली ही तीन मजली बिल्डिंग उभी होती ती जागा नळदुर्गच्या महालिंगप्पांची. त्यांच्या वडिलांनी ती बिल्डरला भाडेपट्ट्यानं दिलेली. फ्लॅट ज्याचे त्याचे, पण खालची जमीन अप्पांची. पट्ट्याची मुदत वर्षाअखेरीला संपत होती. वाढवून मिळाली नाही, तर जमिनीबरोबर बिल्डिंगही अप्पांकडं जाणार होती. बिल्डिंगमधल्या श्रीमंत नावाच्या रहिवाशांनी फ्लॅट विकायला काढला, तर गिऱ्हाईक पट्ट्याचं नाव ऐकूनच जिना उतरून गेलं.

सुरुवातीला कुमार वकिलाला घेऊन नळदुर्गला गेला होता. वकिलानं बसल्या बसल्या कोर्टाचं नाव काढलं. अप्पा उठून गोठ्याकडं गेले, ते परत आलेच नाहीत.

“आता मी जाते,” म्हाळसाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली. सुई बघून पळणाऱ्या पैलवानांनाही त्यांनी गोडीनं पालथं झोपवलं होतं.

“काय अट हाय, मावशी?” कुमारनं विचारलं.

“आमच्या बापानं दिलेल्या जागेवरची इमारत गळकी दिसू नये, म्हणतात. आधी गच्ची नीट करा, मग बोलू.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गच्ची किती तरी पावसाळे गळत होती. पाणी फक्त वरच्या मजल्यावर, दैवशालाच्या घरात पडायचं. म्हणून खालचे वर्गणीचा विषय निघाला की उठून जायचे.

आता कुणी उठलं नाही. गवंडी आला. खालच्या मजल्यावरचे गोरोबा भर उन्हात त्याच्या डोक्यावर उभे राहिले. पुढच्या मोठ्या पावसात दैवशाला नुसती छताकडं बघत बसली. मग तिनं पलंगाखालची घमेली उचलली आणि भंगारवाल्याला देऊन टाकली.

म्हाळसाबाई मोबाइलमध्ये गच्चीचे फोटो घेऊन पुन्हा नळदुर्गला गेल्या. त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा अर्धी बिल्डिंग फाटकात होती.

“खूश झाले का?”

“लई खूश. पण जिन्याला कठडा न्हाय, दिवा न्हाय, म्हातारी माणसं कशी चढतात, म्हणाले.”

“त्यांना कसं कळलं?”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं बोलू का?”

कठडा बसला. प्रत्येक मजल्यावर दिवा लागला. आता बिल्डिंगला चेवच चढला. अप्पा पुढं काय मागतील, याच्या पैजा लागायला लागल्या. न सांगताच बाहेरच्या भिंतींना रंग दिला गेला. कुमारला तर पट्टा हातात आल्यासारखाच वाटत होता.

तिसऱ्या फेरीहून मात्र म्हाळसाबाई गंभीर चेहऱ्यानं आल्या.

“अप्पा नोंदणीला यायला तयार आहेत. पण त्यांना आणायला गोरोबा आणि श्रीमंत, दोघांनी एका गाडीतून जायचं. भांडणाऱ्या माणसांना जागा देत न्हाय, म्हणाले.”

गोरोबा आणि श्रीमंत यांची दारं समोरासमोर होती. गाडी लावायच्या जागेवरून वाजलं, तेव्हापासून एकाचं दार उघडलं की दुसऱ्याचं बंद व्हायचं.

“ते काय जमायचं न्हाय,” श्रीमंत म्हणाले आणि आत गेले.

सगळ्यांचे चेहरे उतरले. कुमारनं दोघांची दारं वाजवली, कुणी उघडलं नाही. पण दोन दिवसांनी सकाळी श्रीमंतच गोरोबांच्या दारात उभे होते.

“गाडी तुमची काढायची का आमची?”

गोरोबांनी दार पुरतं उघडलं. “आमची काढू. तुमच्या गाडीचा एसी चालत न्हाय.”

“तुम्हाला काय माहीत?”

“खिडकीतून दिसतंय की, काचा खाली करून हिंडता.”

श्रीमंत हसले. ते बघून गोरोबांनी चहा टाकायला सांगितलं.

निघताना म्हाळसाबाईंनी दोघांना बजावलं, “अप्पांसमोर अटींचा विषय काढू नका. मानी माणूस हाय.”

दिवाळी तोंडावर आली होती. अप्पा पांढराशुभ्र फेटा बांधून गाडीतून उतरले. निबंधक कार्यालयात फोटो झाला, अंगठे झाले, सह्या झाल्या. पट्टा वाढला! कुमारनं तिथूनच फोन केला, आणि अप्पा बिल्डिंगच्या फाटकात पोचायच्या आत तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ कडाडायला लागली. धुरातनं दैवशाला ओवाळणीचं ताट घेऊन आली. गोरोबा आणि श्रीमंत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचत होते. म्हाळसाबाई आत सगळ्यांसाठी पेढे काढत होत्या.

कुमारला राहवलं नाही. त्यानं अप्पांचे पाय धरले.

“अप्पा, पट्टा दिलात ते दिलातच. पण तुमच्या अटींमुळं आमची बिल्डिंग माणसात आली!”

“कसल्या अटी?”

“गच्ची, जिना, या दोघांचं भांडण...”

अप्पांनी फेटा मागं सारून कुमारकडं बघितलं.

“आरं, म्या तर बाई पहिल्यांदा आल्या त्याच दिवशी सही करतो म्हणलो व्हतो. त्याच म्हणल्या, दिवाळीपातूर कुणाला सांगू नका.”