हरभऱ्याच्या गाठी
बाप्तिस्मा पाणी शिंपडून द्यायचा की पाण्यात बुडवून, यावरून आमची ख्रिस्ती मंडळी फुटली. अर्धे लोक रस्त्यापलीकडं पत्र्याखाली वेगळा नाताळ करत होते. "त्यांना आपल्या प्रभुभोजनाला बसू द्यायचं न्हाई," मंडळीचे वडीलधारे पुढारी शांतवनकाका नाताळच्या भक्तीतच, सगळ्यांसमोर बोलले. मग मला देवाच्या कामाची साक्ष द्यायला उभं केलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. रानातून उपटून आणलेलं हरभऱ्याचं झाड मी मुळासकट वेदीवर ठेवलं. काका पुढं होऊन मुळांवरच्या गाठी खुडायला लागले. "बाई, असलं रोगट झाड देवापुढं?" मी त्यांचा हात धरला आणि एक गाठ नखानं फोडली. आत रक्तासारखी लाल होती. "रोग न्हाई काका. यात जिवाणू राहतात. ते झाडाच्या जातीचे न्हाईत, तरी झाडानं त्यांना मुळात घर दिलं, खाऊ घातलं. ते हवेतलं खत ओढून देतात. हा लाल रंग दोघं मिळून बनवतात. पुढं तिथं जवारी पेरा, तिलाबी यातलं मिळतं." "हे शाळेत शिकवा," काका म्हणाले. मग मी प्रभुभोजनाची सतरंजी उचलली आणि मधल्या रस्त्यावर नेऊन अंथरली. "पाळकसाहेब, भाकर अन् प्याला घेऊन बाहेर या. पलीकडच्यांना हाक मारा. नंतर नाताळच्या जेवणाला रस्त्यानं जाणाऱ्यालाबी बसवू. ज्याला एकट्यानंच बसायचंय, त्यानं आतून कडी लावून घ्यावी." पाळकसाहेब ताट घेऊन उंबऱ्याबाहेर आले. कडी लावायला कुणीच उठलं नाही.