फाटकापुढची माणसं

चिंतामणी चित्रकार गिरगावातून रोज परळला यायचा आणि आपल्या मित्राच्या, गणपतच्या, चाळीच्या गॅलरीत बसून समोरची मिल रंगवायचा. दुपारी रमाबाई, गणपतची बायको, त्याला जेवू घालायची. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला निघालेले कामगार फाटकाशी जमले, तेही त्याने चित्रात घेतले. त्या मोर्च्यातून गणपत परत आलाच नाही. त्याला गोळी लागली.

तेराव्याला चिंतामणीने चित्र रमाबाईपुढे धरलं. जांभळा धूर, केशरी चिमण्या आणि खाली रंगांच्या ठिपक्यांची गर्दी. "वहिनी, सगळ्यांत पुढचा हा पांढरा ठिपका म्हणजे आपला गणपत. तो इथे कायम राहील."

सहा महिन्यांनी गिरगावात चित्रांचं प्रदर्शन भरलं. रमाबाई धुवट लुगडं नेसून, ट्रामने एकटी गेली. धूर तोच होता, चिमण्याही त्याच. फाटकापुढे मात्र रिकामा रस्ता होता आणि त्यावर पिवळंधमक ऊन पसरलं होतं.

"भावजी, माणसां खंय गेली?"

चिंतामणीने नजर चुकवली. "चित्र मिलच्या शेठजींनी घेतलं, वहिनी. त्यांना फाटकावर गर्दी नको होती. म्हणून वरून रंग दिला. तसे नुसते ठिपकेच तर होते."

रमाबाईने त्या पिवळ्या उन्हावर बोट टेकवलं. रंग अजून ओला होता.

"माझ्याकडे ह्यांचो एकय फोटो नाय हा, भावजी," ती म्हणाली. "तेवढो ठिपकोच होतो."