गाळलेली नऊ वर्षं

'स्त्री, वय सत्तेचाळीस, व्यवसाय मूद्रितशोधन.'

वैद्यकीय परिषदेच्या पडद्यावर ही ओळ आली आणि पहिल्या रांगेत बसलेली ती खुर्चीतच पुढे झुकली.

"उकार दीर्घ पडलाय. डॉक्टरीणबाईंना सांगू का?"

"आधी भाषण तरी होऊ द्या त्यांचं," शेजारचे गाडीवाले हळूच म्हणाले.

गाडीवाले म्हणजे तिला दर बुधवारी बहिणीच्या घरून इस्पितळात सलाइनसाठी नेणारे-आणणारे गृहस्थ. पहिल्या दिवशी तिने "गाडीवाले आले का?" असं विचारलं आणि तेच तोंडात बसलं. त्यांनीही कधी हरकत घेतली नाही.

व्यासपीठावर डॉक्टरीणबाई तिचाच आजार समजावून सांगत होत्या. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मेंदूवर उलटली होती. दोन महिने ती भ्रमात होती, सख्ख्या बहिणीलाही ओळखत नव्हती. नवं औषध एकतीस जणांना दिलं, त्यातले चोवीस उठून कामाला लागले. तीही लागली. फक्त मागची नऊ वर्षं पाटीवरून पुसावीत तशी पुसली गेली होती.

"त्या काळातलं त्यांना तुम्ही सांगत का नाही?" मागून एका वयस्कर शास्त्रज्ञाने विचारलं.

"त्यांनीच सगळ्यांना बजावलंय. मी विचारेन तेव्हाच सांगा, म्हणून."

ते खरं होतं. शुद्धीवर आल्यावर घरात आई दिसली नाही, तेव्हाच ती काय ते समजली होती. आणखी काय काय गेलंय, हे विचारायचा धीर पुढे झाला नाही. प्रश्न ओठांवर यायचा आणि ती तो गिळून टाकायची.

मग तिला वर बोलावलं. डोळ्यांच्या दोनशे जोड्या तिच्यावर खिळल्या. तिने ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"औषध उत्तम आहे," ती म्हणाली. "पुरावा म्हणजे, तुमच्या चौथ्या स्लाइडवरची चूक मी बसल्या जागेवरून पकडली."

सभागृह खदखदून हसलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि तिला मिठीच मारली. किती दिवसांनी तिला असं हलकं वाटत होतं!

चहाच्या सुट्टीत गाडीवाले दोन कप घेऊन मागच्या बागेतल्या बाकाशी आले. तिच्या कपात साखर नव्हती, वरची साय काढलेली होती. बहिणीने पढवून ठेवलं असणार, तिला वाटलं.

बहिणीशी तिचं गेल्याच आठवड्यात बोलणं झालं होतं. "मला तो माणूस आवडायला लागलाय," तिने सांगून टाकलं होतं. बहीण आधी मोठ्याने हसली, मग डोळे पुसायला लागली.

"रडतेस काय?"

"कांदा गं." तिच्या हातात वर्तमानपत्र होतं.

आता ती कपाकडे बघत म्हणाली, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"सध्या मी एकटाच."

"मग ऐका. मला आडवळणाने बोलता येत नाही. बुधवार कधी येतो याची मी सोमवारपासून वाट बघते, आणि ती काही सलाइनची नाही. आपण लग्न करू या का?"

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"अडचण एकच," ती घाईघाईने म्हणाली. "मधल्या नऊ वर्षांत मी कुणाला काय शब्द दिलाय, माझं मलाच ठाऊक नाही. पण आज मला कशाची भीती वाटत नाही. कुणाला काही माहीत असेल तर खुशाल सांगू दे."

"हो," ते म्हणाले.

"हो काय?"

"लग्नाला हो."

"अहो, थोडा विचार तरी करा! मी काही आत्ताच्या आत्ता उत्तर मागत नाही. इतकी कसली घाई?"

त्यांनी कप बाकावर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते.

"मागच्या वेळी मी विचारलं होतं, तेव्हा तू मला अकरा दिवस ताटकळत ठेवलं होतंस."