परतण्याचे तीन शब्द

सोनियाने तिन्ही शब्द वहीत एकाखाली एक लिहिले आणि पेन्सिल चावत बसली. इंग्रजीत ‘रिटर्न’ म्हटलं की काम भागत होतं. फ्रेंचांचं तसं भागत नाही. रतूर्ने, रव्हनीर, राँत्रे. तिन्हींचा अर्थ परतणं, आणि चुकीचा वापरला की ऑनलाइन क्लासच्या मॅडम असा सुस्कारा सोडत, की तो पुण्याहून वडूजच्या या वस्तीपर्यंत पोचायचा.

“मघाधरनं कसला रवंथ चाललाय?” चुलीपुढून धोंडुबाईने विचारलं. नातीचं फ्रेंच तिला मेंढरांच्या रवंथासारखं ऐकू यायचं आणि ती ते लपवत नसे.

“सोमवारी मुंबईला व्हिसाची मुलाखत हाय न्हवं, आजे. शिकून झाल्यावर परत येणार का, आसं इच्यारत्यात. त्येचं उत्तर पाठ करतीया. पर ह्यांच्यात एका परत यायला तीन शब्द हायती.”

“तीन कशापायी?”

सोनियाने समजावलं. एक म्हणजे सोडून आलेल्या जागी पुन्हा जाणं. दुसरा म्हणजे बोलणारा जिथं आहे तिथं परत येणं. आणि तिसरा म्हणजे आपल्या घरी येणं.

धोंडुबाईने तव्यावरची भाकरी उलटली. “म्हंजी भाकरतुकडा ओवाळत्यात, त्यो तिसरा.”

सोनियाला हसू आलं. एवढंच सांगायला मॅडमनी अर्धा तास घेतला होता.

“तुजा आजा दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कऱ्हाडाकडं जायचा,” धोंडुबाई म्हणाली. “मिरगाला परत. सांगावा कोन धाडतंय? आदी कुत्रं यायचं, फुडं पळत. कुत्रं दारात दिसलं की मी तवा टाकायची. मंग मानसं यिऊन उंबऱ्याभाईर हुबी ऱ्हायाची. तुज्या आज्यावरनं तुकडा ओवाळायची आन् म्होरक्या बकऱ्यावरनं बी. समदी लय हसायची.” सांगता सांगता तीही हसली. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

“आन् तानाजीकाकाला?”

तानाजी धोंडुबाईचा थोरला मुलगा. कोइमतूरला त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. वर्षातून एकदा जत्रेला यायचा आणि गावातल्या लॉजवर उतरायचा. त्याला दारात ओवाळलेलं सोनियाने कधी पाहिलं नव्हतं.

“आदी ओवाळायची की. एकदा आशीच तुकडा घिऊन हुबी हुते. त्यो फोनवर बोलत आला आन् बोलत बोलतच आत गेला. तुकडा माज्या हातातच ऱ्हायला.”

“मंग?”

“मंग काय. कुत्र्याला घातला. आन् ह्येला च्या केला, पाव्हण्याला करत्यात तसा. त्या दिसापासनं ओवाळायला हात उचलला न्हाई.”

सोनियाने वहीत बघितलं. तिला काकाचा राग आला नाही, भीती वाटली. तोही जाताना परत येतोच म्हणाला असणार, आणि तेव्हा ते खरंही असणार.

“तू कुटला शब्द सांगनार हाईस?” धोंडुबाईने विचारलं.

“तिसरा.”

“त्येस्नी बरा वाटंल म्हून?”

सोनियाने वही मिटली. मॅडमना तेच वाक्य बोलून पाठवायचं होतं आणि घरात रेंज नव्हती. ते निमित्त तिला बरंच झालं. फोन घेऊन ती पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर गेली.

वरून सगळी वस्ती दिसत होती. खाली कळप कोंडायच्या वाघूर-जाळ्यांचा ढीग होता, मेंढरं विकली तेव्हापासून तसाच पडलेला. तिने तिसरा शब्द घालून वाक्य म्हटलं. तीनदा ते पाठ केल्यासारखं आलं, ते तिने पुसलं. चौथ्यांदा आवाज जरा हलला. तिने तेच पाठवून दिलं.

पाव तासाने ती उतरून आली, तर दारात धोंडुबाई उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात करपलेल्या भाकरीचा तुकडा.

“थांब. भाईरच थांब.”

“आगं आजे, टाकीपातूर तर गेलते.”

“ठावं हाय मला.” धोंडुबाईने तुकडा तिच्यावरून सावकाश उतरवला. “हात इसरलाय का बगतीया.”