न्हाणीघराच्या भिंती

"भिंतीला दगड लावल्यावर आतला आवाज बाहेर जाईल का हो, युसूफभाई?"

करुणाताईंनी हे विचारलं तेव्हा युसूफ मिस्त्री शॉवरखालची फरशी भिंतीला टेकवून ओळंबा धरत होता.

"कसला आवाज?"

"कसलाबी."

त्या सालात वसमतमध्ये जो तो न्हाणीघराला चकचकीत टाईल्स लावत होता. युसूफनं रत्नपाल सरांनाही त्याच सुचवल्या होत्या. पण नवराबायको दोघंही अडून बसले. शहाबादीच हवी, तीही जाडातली. काहून, ते कुणी सांगितलं नाही. युसूफ शिरड शहापूरहून बसनं यायचा, काम करून जायचा. या घरची माणसं त्याला नवीन होती.

"मागं पोकळी न्हाई ठेवली तर आवाज दबतो," तो म्हणाला. "पण झरोक्यातून जाईलच."

"मग झरोका बुजवा."

"ओल धरंल, ताई. वास मारंल."

"मारू द्या. अन् सरांपाशी यातलं बोलू नका."

युसूफनं ओळंबा पुन्हा धरला. सर शाळेत गेल्यावरच ही बाई असलं विचारते, म्हणजे काय समजायचं? घराघरात मोबाईल येऊन राहिले होते. नळ सोडून कुणाशी बोलत बसायचं असेल. त्याला सरांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी करुणाताई भाजीला गेल्या. फाटक वाजलं न वाजलं तोच सर न्हाणीत आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. बसवलेल्या दगडावर त्यांनी ठकठक केलं.

"पक्की बसली?"

"घणाबिगर निघणार न्हाई, सर."

"आत कुणी ओरडलं, तर बाहेर ऐकू येईल?"

युसूफच्या हातातली थापी तशीच राहिली. "काहून हो?"

"सहज. दाराला आतून मोठी कडी लावा. करुणापाशी बोलू नका."

आता युसूफचा जीव थाऱ्यावर राहीना. सरांना बायकोचं कळलं असणार. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण असल्यांचाच नेम नसतो. घरी गेल्यावर त्यानं ताट तसंच बाजूला सारलं. "तकलीफ काय आहे?" कनीजनं विचारलं. त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"सांगून टाका त्या बाईला," कनीज म्हणाली. "उद्या काही बरंवाईट झालं, तर त्या भिंती तुमच्याच हातच्या."

शेवटची फरशी बसली त्या दुपारी सर बाहेर होते. करुणाताई चहा घेऊन आल्या. युसूफनं कप हातात घेतलाच नाही.

"ताई, रागावू नका. तुमी काही दिवस माहेरी जाऊन या."

"काहून?"

"सरांनीबी मला तेच विचारलं. आत कुणी ओरडलं तर बाहेर ऐकू येईल का म्हणून. कडीबी आतून लावायला सांगितली. तुमाला कळू देऊ नका म्हणले."

करुणाताईंनी कपबशी खाली ठेवली. मग तिथंच ओल्या फरशीवर बसल्या.

"त्यांनीबी विचारलं?"

"व्हय. म्हणून म्हणतो, जपून राहा."

त्यांनी बसवलेल्या दगडावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या,

"मला वाटलं, लेकरू गेल्यापासून या घरात मी एकटीच रडते."