काळं टोपण

या, असे जवळ सरका. आमच्या पादुआ शहरातली एक लहानशी गोष्ट सांगतो.

ऑर्नेलाबाईंनी आयुष्यभर एकाच प्रथिनाचा ध्यास घेतला. औषध भेटलं की त्याचे दोन हात मिटतात, असं त्या म्हणत आणि लोक हसत. आता त्या इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होत्या, आणि त्यांनी बनवलेली, औषध मिसळलेल्या प्रथिनाची शेवटची नळी प्रयोगशाळेत त्यांची विद्यार्थिनी नोएमी हिच्या यंत्रात गोठलेली होती. प्रथिनाच्या दोन्ही हातांना एकेक खूण चिकटवलेली. त्यातली एक लेसरचा झोत पडला तरच चुंबकासारखी जागी होते आणि मग दोन हातांतलं अंतर कळतं. पण पडद्यावर रेघ सपाटच. नळी गार ठेवणारं हेलियमही संपत आलेलं. रडकुंडीला येऊन नोएमीनं फोन लावला.

“ऑर्नेलाताई, काहीच दिसत नाही हो! हरवलेलं शोधून दे म्हणून संत अंतोनीलाही साकडं घातलं.”

“संताला कशाला त्रास देतेस? झोत आत जायच्या यंत्राच्या खिडकीवरचं काळं टोपण काढलंस का?”

“नळीला उजेड लागू द्यायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं ना!”

“यंत्रात ठेवेपर्यंत गं, वेडाबाई! दिवा लावून त्यावर टोपली घालतात का?” हसता हसता त्यांना ढास लागली.

नोएमीनं फोन तसाच चालू ठेवून टोपण काढलं. झोत आत शिरला. तासाभरानं रेघेवर लाटा उठल्या.

“मिटलेत! ताई, हात मिटलेत! अंतर जेमतेम दोन नॅनोमीटर!”

“हळू बोला,” पलीकडून नर्स म्हणाली. “त्या आत्ताच गेल्या.”

मायबापहो, संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा ऑर्नेलाबाईंची आठवण ठेवा.