निर्विचारचं इंग्रजी

"भाभीजी, निर्विचार को अंग्रेज़ी में क्या कहेंगे?" कॉलनीच्या ध्यानमंडळाचे सेक्रेटरी फोनवर विचारत होते. चित्राच्या नवऱ्याचा, सुधीरचा, संध्याकाळी सत्कार होता. निशातगंजच्या दुकानात शील्ड तयार होती, तेवढा एक शब्द कोरायचा राहिला होता. चित्रा शाळेत इंग्रजी शिकवायची, तेव्हा तिलाच विचारणार.

त्या शब्दानं तिला शिसारी आली.

परवा तिचे वडील, नाना, कऱ्हाडहून लखनौला आले. पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. तिची शाळेत परीक्षेची ड्यूटी होती, म्हणून सुधीर चारबाग स्टेशनवर जाणार होता. "मी आहे ना," असं छातीठोक म्हणाला होता. आणि ऐन वेळी हा महापुरुष फोन बंद करून, दार लावून ध्यानाला बसला. नाना उन्हात सामान राखत बसून राहिले. बॅगा टाकून बाथरूमला कसे जाणार? शेवटी कपड्यातच झाली. तशाच ओल्या पँटनं ते ऑटोतून घरी आले आणि नुकत्याच शाळेतून परतलेल्या लेकीकडे न बघता न्हाणीघरात शिरले.

साहेब मागाहून हसतमुखानं बाहेर आले. "अगं, निर्विचार अवस्थेत होतो. भानच राहत नाही बघ." नानांची साधी चौकशी नाही, वर चहा मागितला. आणि चित्रानं तो मुकाट्यानं करून दिला! सुधीरपेक्षा तिला स्वतःचीच जास्त किळस आली. नानांनी तिला चहा नेऊन देताना पाहिलं. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "माझं परतीचं तिकीट जरा अलीकडचं बघ."

चित्रानं सेक्रेटरींना एक शब्द सांगितला. स्पेलिंगही सांगितलं.

संध्याकाळी इंदिरा नगरच्या त्या हॉलमध्ये ती नानांना आग्रह करून घेऊन गेली. शाल झाली, हार झाला. सेक्रेटरींनी शील्ड उंच धरली आणि माईकवर वाचलं, "श्री सुधीर जी, अ ट्रूली थॉटलेस मॅन!" टाळ्या पडल्या. मागे कुणीतरी खोकलं. सुधीर डोळे अर्धवट मिटून, हात जोडून कौतुक झेलत होता. 'थॉट' नाही तो 'थॉटलेस', यापलीकडे तो शब्द त्याला शिवलाच नाही.

नाना मात्र ताठ बसले. उभा जन्म हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलेला माणूस तो. लेकीच्या कानाशी लागून म्हणाले, "अगं, थॉटलेस म्हणजे दुसऱ्याचा विचार न करणारा. निर्विचार नव्हे. कुणी सांगितलं यांना हे?"

"मी."

"तू? आणि चुकलीस?"

"चुकले नाही, नाना. त्यांनी शब्दाचं इंग्रजी विचारलं, मी माणसाचं सांगितलं."